हवेनं केलं, सुनेवर आलं

"मॅडम, कळलं का तुमाले?"

काकू असं विचारतात तेव्हा मला कळलेलं नाही याची त्यांना पक्की खात्री असते. तरोट्याची भाजी निवडत त्या भिंतीच्या त्या बाजूला उभ्या होत्या. आमच्या दोन घरांमधली ही भिंत कमरेएवढीच आहे. अमरावतीच्या या कॉलनीतल्या निम्म्या बातम्या तिच्यावरून इकडून तिकडे जातात, उरलेल्या निम्म्या काकूंकडे आधीच असतात.

"कोपऱ्यावरच्याईची अख्खी बरनी गेली. पाच किलो लोनचं. वरतून पांढरा बुरा, मधामधात हिरवं-कायं. अन् सासूनं नाव कोनाचं घेतलं? सुनेचं. म्हने त्या चार दिवसांत तिनं बरनीले हात लावला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटते? तेल बोटभर बी वर नोतं. या डोयानं पाह्यलं मी. बाई मुलखाची चिकट, अन् बोल लावते सुनेले."

माझी सगळी नोकरी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात गेली, त्यातही बुरशी हा माझा आवडता विषय. तरी काकूंच्या निकालात मला फारशी भर घालता येईना. तेलाचा थर फोडींवर असला की खाली हवा पोचत नाही आणि बुरशीला हवा लागतेच. मीठ फोडीतलं पाणी खेचून घेतं. पण पावसाळ्यात कोणी ओला चमचा घातला, किंवा तेलाच्या वर एखादी फोड डोकं काढून राहिली, की तिथं ओल मिळते, हवा मिळते, आणि बी तर येऊन बसलेलंच असतं.

"बी कोनाचं?"

"बुरशीचं. बीजाणू म्हणतात. हवेत असतात. आत्ता या भिंतीवरून तुमच्याकडून माझ्याकडे येत असतील."

"मंग मी बरनीले हिंगाची धुरी देतो, अन् तोंडाले दादरा बांधतो, ते त्याच्याचसाठी व्हय?"

त्याच्याचसाठी. निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी त्यावर उपडी धरायची, कोरडी करायची, लोणचं भरल्यावर तोंडाला कापड आवळायचं. काकूंच्या आईनं हे शिकवलं, तिला तिच्या आईनं. त्यात कुठंही सुनेच्या तारखांचा हिशेब नाही. तो कोणी आणि कधी जोडला देव जाणे. मला मात्र यात एक लबाडी दिसते. बीजाणू पकडून आणून ओसरीवर उभा करता येत नाही, सून करता येते.

"कोनाले पयल्यांदा कळलं हे हवेतलं?" काकूंनी विचारलं. त्यांना कोणत्याही भानगडीचा मूळ पुरुष लागतो.

मूळ पुरुष बरेच आहेत. युरोपात यावरून शे-दोनशे वर्षं भांडण चाललं होतं. उकळलेलं मटणाचं पाणी चार दिवसांत नासतं, तर त्यात जीव आपोआप उपजतात की बाहेरून येतात? 1854 साली श्रोडर आणि फॉन दुश या दोघा जर्मनांनी एक साधी गोष्ट केली. उकळलेल्या रसापर्यंत जाणारी हवा त्यांनी कापसातून गाळून नेली. रस नासला नाही.

"कापसातून?" काकू भाजी ठेवून भिंतीला रेलल्या. "पाह्य बरं! कापूस पिकवावा आपन, अन् नाव त्याईचं."

पुढचं ऐकून तर त्या अजून खूष झाल्या. लुई पाश्चरनं 1860 च्या सुमारास पॅरिसची हवा बंदुकीच्या कापसातून ओढली. हा कापूस आम्लात मुरवलेला, स्फोटक असतो आणि अल्कोहोल-ईथरच्या मिश्रणात विरघळतो. कापूस विरघळवला की अडकलेली धूळ तळाशी उरते. ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिच्यात बीजाणूंसारखे गोल, लांबट, झिरझिरीत कण. प्रयोगशाळेत परीक्षानळीच्या तोंडात आम्ही कापसाचा बोळा घालतो, तो त्याच काळापासून चालत आलेला आहे. आमच्या कॉलेजात तो कापूस दुकानातून यायचा आणि बाहेर रस्त्यावर गाड्याच्या गाड्या जिनिंगकडे जात असायच्या.

त्याच वर्षी पाश्चर काचेचे फुगे घेऊन डोंगरात गेला. आत उकळलेला रस, तोंड वितळवून बंद केलेलं. ठरलेल्या जागी तोंड मोडायचं, हवा आत शिरू द्यायची, पुन्हा ज्योतीवर बंद करायचं. मैदानातल्या शेतशिवारात 20 पैकी 8 फुगे नासले. ज्युरा डोंगरावर 850 मीटरवर 20 पैकी 5. आल्प्समधल्या बर्फाच्या नदीजवळ खेचरावरून फुगे नेले, तिथं 20 पैकी फक्त 1.

"म्हंजे चिखलदऱ्याले लोनचं टिकन?"

मी हसले, पण प्रश्न बरोबर होता. नुसती उंची कामाची नाही. धूळ, माती, कुजणारा पाला, माणसं, गुरं जिथं कमी तिथं हे जीव कमी. आपला चिखलदरा 1100 मीटरच्या आसपास उंच, पण पावसाळ्यात तिथं ओल इतकी की चपलेवरही बुरा येतो. पाश्चरच्या जागी बर्फ होतं, आपल्याकडे मेळघाटचं जंगल.

"पन मंग सारं हवेचंच हाय का? पोराले खोकला, हवा. पऱ्हाटीवर दहिया, हवा. लोनचं, हवा."

नाही. आणि हे मला काकूंना ठासून सांगावंसं वाटलं, कारण हवेवरही खोटे आळ आलेत. कॉलरा वाईट हवेनं होतो असं एके काळी मोठमोठे डॉक्टर मानत. कलकत्त्यात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम नावाच्या डॉक्टरनं तिथल्या तुरुंगांच्या आवारात हवेला तोंड करून फिरणारं एक यंत्र लावलं, आत चिकट काच ठेवली आणि काचेवर काय बसतं ते रोज पाहिलं, त्याची चित्रं काढली. 1873 साली त्याचं पुस्तक निघालं. बीजाणू आणि परागकण भरपूर सापडले, पण कॉलरा वाढला म्हणून ते वाढले नाहीत, कमी झाला म्हणून घटले नाहीत. कॉलऱ्याचा गुन्हेगार पाण्यात होता. हिंदुस्थानातल्या हवेची अशी नीट झडती बहुधा तिथूनच सुरू झाली, आणि पहिल्याच झडतीत हवा निर्दोष सुटली.

"सुटली बिचारी," काकू म्हणाल्या. "तिले कोनी सासू नसन."

गव्हाच्या तांबेऱ्याची गोष्ट मी त्यांना मुद्दाम सांगितली, कारण ती आपल्या उंबरठ्यावरची आहे. मेळघाट ओलांडून सातपुडा उतरलं की नर्मदेचं खोरं. 1830 च्या आगेमागे तिथं ओळीनं काही वर्षं गव्हावर तांबेरा पडला आणि कोसच्या कोस पीक कापण्याच्याही लायकीचं राहिलं नाही. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन तेव्हा जबलपूर-सागरकडे अधिकारी होता. लोक याला काय कारण देतात ते त्यानं आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. काही म्हणत, साहेबाच्या राज्यात व्यभिचार वाढला म्हणून. सागरकडे म्हणत, गोमांस खाल्लं जातं म्हणून. आणि पुष्कळांचं म्हणणं, सरकार जमीन मोजतं म्हणून. जमीन ही आई. तिच्या अंगावर साखळी टाकून किती सारा निघेल याचा अंदाज घेणं म्हणजे आईकडे वाईट नजरेनं पाहणं. मग ती पिकेल कशी?

काकूंना हे तिसरं कारण फारच पटलं. दर्यापूरकडच्या त्यांच्या वावराची मोजणी भावकीच्या भांडणात अडकून पडली आहे.

"मोजनीवाल्याईचा पाय चांगला नाईच. पन खरं काय व्हतं?"

खरं उलगडायला शंभर वर्षं गेली. आग्र्याचे करमचंद मेहता यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मैदानातल्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या अकोल्याच्या मे महिन्यात ज्याला ऊन म्हणतात त्या उन्हात, तांबेऱ्याचे बीजाणू मरून जातात. वावरात काहीही उरत नाही. मग पुढच्या थंडीत येतात कुठून? डोंगरातून. हिमालयात, निलगिरीत, पलनीच्या टेकड्यांत गारवा असतो, गव्हाची रोपं असतात, तिथं ते तग धरतात आणि वाऱ्यावर परत येतात. पुढे 1970 च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सोबत्यांनी काळ्या तांबेऱ्याची वाटच आखून दाखवली. नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळ उठतं, त्याचे वारे दक्षिणेतल्या डोंगरांवरून बीजाणू उचलतात, शेकडो कोस उत्तरेला आणतात, आणि मध्य भारतात अवकाळी पाऊस पडला की ते त्याच्याबरोबर गव्हावर उतरतात. 1946-47 च्या हंगामात याच तांबेऱ्यानं मध्य भारतातला गहू झोपवला होता.

"म्हंजे निलगिरीचा रोग, उपसागराचा वारा," काकू बोटं मोजत म्हणाल्या, "अन् बदनाम कोन, तं जबलपूरच्या बाया."

हवेतले असे बीजाणू पकडायला मी नोकरीत असताना गच्चीवर काच ठेवायचे. साधी काचपट्टी, तिला व्हॅसलिनचा पातळ हात, दिवसभर उघडी. एवढं शाळेतल्या पोरालाही जमतं. नीट मोजणी करायची तर यंत्र लागतं, आणि ते यंत्र आपल्या शेजारी तेव्हाच्या औरंगाबादला तयार झालं. मराठवाडा विद्यापीठातल्या डॉ. एस. टी. टिळकांनी ते बनवलं, टिळक सॅम्पलर या नावानंच ते ओळखतात. 1970 साली त्याची माहिती परदेशी नियतकालिकात छापून आली. आत एक ड्रम, ड्रमवर पारदर्शक टेप, टेपवर चिकट लेप. पंखा हवा ओढतो, ती फटीतून टेपवर आपटते, ड्रम हळूहळू फिरतो आणि आठ दिवसांनी फेरी पुरी करतो. टेप कापून पाहिली की सोमवारी दुपारी हवेत कोण होतं आणि मंगळवारी पहाटे कोण, ते वेगळं काढता येतं. टिळकांनी हवेतल्या बुरशीचा माग काढत अजिंठ्याची लेणीही तपासली. तिथल्या चित्रांना या बुरशीपासून धोका असतो.

काकूंनी एकदा माझ्या काचेत डोकावून पाहिलं होतं. चष्मा काढू की ठेवू यात बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "हे शेपटीवालं काय हाय?" ती अल्टरनेरिया. गदेसारखा आकार, आडव्या-उभ्या भिंतींनी कप्पे पडलेले, एका टोकाला निमुळती शेपटी. करप्याच्या पानावरून कोरड्या दुपारी उडते. शेजारी एक मोठा गुळगुळीत गोळा होता, त्याला एकच भोक, म्हणजे ज्वारी नाहीतर एखाद्या गवताचा परागकण. अंगभर काटे असलेला चिमुकला गोळा गाजर गवताचा. आणि काळपट गोल ठिपक्यांचा पुंजका पाहून मी नाव घेण्याआधी काकूच ओरडल्या, "ही तं काणी!" ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते ती. लहानपणी ती खाऊन तोंडं काळी करून घरी गेलेली पिढी आहे ही, त्यांना भिंगाची गरज नाही. आता वऱ्हाडात ज्वारीच कमी झाली, सगळीकडे सोयाबीन.

गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्याकडे पहिल्यांदा नजरेस आलं आणि आज आपल्याकडे एक धुरा त्याच्यावाचून रिकामा नाही. त्यानंच काकूंच्या दिरांच्या हाता-मानेला खाज सुटते, डोळे सुजतात. घरात निदान झालं होतं, अंगातली उष्णता. दोन वर्षं सब्जा पाजला.

"वरती कुठवर असतात हे?" काकूंनी आभाळाकडे बोट केलं.

याचं उत्तर द्यायला मला आवडतं, कारण त्यात नारळीकर येतात. जयंत नारळीकरांचा प्रश्न होता की सजीवांचे कण अंतराळातून पृथ्वीवर येत असतील का. त्यासाठी हैदराबादच्या टाटा संस्थेच्या केंद्रातून बलून सोडले, इस्रोच्या मदतीनं, आधी 2001 साली आणि मग 20 एप्रिल 2005 ला. दुसऱ्या वेळी खाली 459 किलोचं सामान, त्यात द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या पोलादी नळ्या. नळ्या निर्जंतुक आणि पोकळ केलेल्या, 20 ते 41 किलोमीटर उंचीवर एकेक उघडायची आणि बंद करायची, मग सगळं पॅराशूटनं खाली. तपासणी दोन वेगळ्या प्रयोगशाळांत झाली, हैदराबादला सीसीएमबीत आणि पुण्याला एनसीसीएसमध्ये योगेश शौचे यांच्याकडे. जिवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती वाढल्या. जिवाणूंतल्या तीन जाती तोवर कुठं नोंदलेल्याच नव्हत्या आणि अतिनील किरणांना त्या जमिनीवरच्या भाईबंदांपेक्षा चिवट निघाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ हॉयल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. 2009 साली इस्रोनं हे जाहीर केलं आणि त्याच दमात सांगितलं की यावरून हे जीव बाहेरूनच आले असं सिद्ध होत नाही. मला त्या निवेदनातलं हे वाक्य सगळ्यात आवडतं. पुरावा नसताना दुसऱ्या ग्रहावरही बोल लावायचा नाही.

"इतक्या वरतं खातात काय ते?"

"काही नाही. झोपून राहतात."

"आमच्या जावयासारखे."

मग बोलणं साथीवर गेलं. काकूंच्या आजेसासूबाई वय विचारलं की मानमोडीपासून मोजून सांगायच्या. मानमोडी म्हणजे 1918 चा इन्फ्लुएन्झा. तो मुंबईत जूनमध्ये उतरला आणि पावसाळा सरता सरता मध्यप्रांत-वऱ्हाडात असा पसरला की देशात ज्या भागांना सर्वांत जास्त फटका बसला त्यांत आपला भाग येतो. तेव्हा देवीचा कोप म्हणणारे होते, तसे सूक्ष्मदर्शकवालेही चुकलेच होते. त्यांनी एका जिवाणूवर आळ घेतला, त्याला इन्फ्लुएन्झाचं नावसुद्धा देऊन टाकलं. माणसातला खरा विषाणू हाती लागला 1933 साली. त्या जिवाणूचं नाव अजून तेच आहे, कोणी बदललं नाही.

काकूंचं लक्ष मात्र मघापासून कुठेतरी अडकलं होतं.

"मॅडम, तुमी म्हनलं ना, कापसात हवेतली घान अडकते. मंग कापसातून उडत बी असन."

उडते. कापूस फुटल्यावर बोंडाची वाळलेली पानं, कचरा, त्यावरचे जिवाणू हे सगळं वेचणीत बरोबर येतं. पुढे जिनिंगमध्ये, मिलच्या ब्लोरूममध्ये, कार्डिंगमध्ये रुई झोडपली, विंचरली जाते तेव्हा त्याची धूळ होते. जिवाणू मेलेले असले तरी त्यांच्या कवचातलं एक विष धुळीत राहतं. 1987 साली अमेरिकेत धडधाकट माणसांना मोजून-मापून कापसाची धूळ हुंगायला दिली, तेव्हा दम किती कमी झाला हे धूळ किती होती यावर ठरलं नाही, तिच्यात हे विष किती होतं यावर ठरलं. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत तो आहे.

"याची खूण काय?"

"सोमवार."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"सुट्टीनंतरचा पहिला दिवस," मी म्हणाले. "रोज धूळ हुंगून शरीर तिला थोडं सरावतं. एक दिवस सुट्टी मिळाली की तो सराव मोडतो. सोमवारी कामावर गेलं की दुपारनंतर छाती आवळते, दम लागतो. मंगळवारी कमी, पुढे अजून कमी. आणि खूप वर्षं झाली की मग रोजच."

"माहे बाबा अकोल्याले मिलमधी व्हते, ब्लोरूमले," काकू म्हणाल्या. "सोमवारी संध्याकायी घरी आले का खाटेवर बसून राहत. बोलनं होये ना त्याईच्यानं. शनिवारपरेंत ठीक. रविवारी शेगावले जात, महाराजाच्या दर्शनाले. अन् माय काय म्हने, शेगावचं नाव सांगून हा मानूस कुठीतरी पिऊन येते, अन् सोमवारी त्याचं निघते. जन्मभर भांडली. बाबाईनं माळ गळ्यात घातली तरी इश्वास नाई. आमच्या आत्यानं बी तेच उचललं. लग्नात मले सासरचे लोक विचारत, बाप पितो का."

"डॉक्टरला दाखवलं होतं?"

"दाखवलं. दमा म्हने. सोमवारचं कोनी विचारलंच नाई."

काकूंचा भाचा आता अकोल्याजवळ एका जिनिंगमध्ये आहे, गठाणींवर. तोंडाला दुपट्टा बांधतो. मी म्हणाले, दुपट्ट्यानं मोठी धूळ अडते, बारीक नाही. त्याला नीट मास्क घ्यायला सांगा, आणि सोमवारी दम लागतो का ते विचारून बघा. डॉक्टरकडे गेला तर त्यानं विचारायची वाट न बघता आपणच सोमवारचं सांगायचं.

"त्याले तं सांगतोच," भाजीचं ताट उचलत काकू म्हणाल्या. "पन आधी मायले."

त्यांची आई नव्वदीच्या घरात आहे आणि कानानं कमी ऐकते. पाचच मिनिटांत काकूंच्या स्वयंपाकघरातून त्यांचा फोनवरचा आवाज आला आणि कोपऱ्यावरच्या सासूबाईंनासुद्धा तो नक्की ऐकू गेला असणार.

"मी बोलून राह्यली, अमरावतीची पोरगी तुही! आयक! बाबा पीत नोते! नोते पीत! शेगावलेच जात! ते कापसातलं व्हतं, कापसातलं! ...काय? कोन म्हने? शेजारच्या मॅडम म्हने! ...नाई, त्या नाई पीत!"